जांभळा कोट

चित्र दारातून आत येईना. शाळेतच ठेवलं असतं तर बरं झालं असतं, असं शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या धाकट्या सुनेला तेव्हाच वाटून गेलं. पण चित्रकलेच्या वर्गाचं छत गळत होतं, शिक्षकांच्या प्रदर्शनाला अजून आठवडा होता, आणि एवढा मोठा ओला कॅनव्हास दुसरीकडे ठेवणार कुठे? शेवटी तिच्या नवऱ्याने दाराचं एक पान बिजागऱ्यांतून काढलं आणि चित्र दुकानावरच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. घरातल्या सगळ्यांची बैठकही नेमकी त्याच खोलीत, त्याच दुपारी होती.

बैठक बोलावली होती थोरल्या मुलाने. तो सकाळच्या गाडीने आला होता. विमा कंपनीत नुकसानीचे अंदाज काढायचं त्याचं काम, त्यामुळे घरात पाऊल टाकलं की भिंतीची ओल, जिन्याची हलणारी पायरी, आईबाबांचे चेहरे, सगळ्याचा तो मनातल्या मनात अंदाज काढायचा. या खेपेला अंदाज पक्का होता. खालचं कापड-रंगाईचं दुकान बंद करायचं, बाबांना आपल्या शहरात न्यायचं, आई इथेच धाकट्याकडे राहील. आज सगळ्यांनी फक्त हो म्हणायचं होतं.

नाही म्हणायला कुणाकडे तोंडही नव्हतं. नाटकगृहाच्या पडद्यावरून आईबाबांचं बिनसलं त्याला तीनेक वर्षं होत आली होती. पडदा जांभळा हवा होता. आईने रंग कालवला, बाबांनी कापड पिंपातून वर काढलं, आणि नाटकगृहाच्या व्यवस्थापकासमोर म्हणाले, "मातकट केलाय. हिला रंग कळत नाही." लग्न झाल्यापासून दुकानातली एकेक छटा जिने हाताने कालवली, तिला. वर त्यांनी पिंपात आणखी रंग ओतला आणि पडदा जवळजवळ काळा झाला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. बाबा मागे पिंपांपाशी, आई पुढे गिऱ्हाइकांपाशी, आणि मधल्या दारातून धाकटा मुलगा निरोप घेऊन ये-जा करायचा. त्याचं नावच टपाल पडलं होतं. गिऱ्हाइकंसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायची.

आणि रंग बिघडतच चालले होते. कुणाचा निळा गणवेश राखाडी होऊन आला, कुणाचे जांभळे पडदे कॉफीत बुडवल्यासारखे. गिऱ्हाईक तुटत होतं.

"तुझ्या आईला सांग," खुर्चीत टेकत बाबा म्हणाले, "चित्र वाळवायला लावलेला पंखा कमी कर. त्याला धूळ चिकटेल."

आई त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. टपाल तिच्याकडे वळला. "आई, पंखा..."

"ह्यांना सांग, बटण त्यांच्याच बाजूला आहे."

"बाबा, बटण..."

"ऐकलं."

पंखा कुणीच कमी केला नाही.

थोरल्याने घसा साफ केला. "आपण मुद्द्यावर येऊ." पण मुद्द्यावर कुणी यायला तयार नव्हतं, कारण समोर चित्र होतं.

चित्रात अर्धवट उघडं दार होतं. दारात एक पुरुष आणि एक बाई, खूप दिवसांनी भेटलेली, कपाळं टेकायला बोटभर अंतर राहिलेलं. बाईच्या अंगात पायघोळ जांभळा कोट, पुरुषाच्या अंगात पांढरा शर्ट. मागे पिवळी भिंत, एक रिकामी खुर्ची, खुर्चीखाली मांजर. दोघांच्या पायांमध्ये एक लाल बॅग. बॅग कुणाची ते कळत नव्हतं.

"नाव काय दिलंस?" आत्याने विचारलं. बाबांची ही धाकटी बहीण असल्या बैठकांना न बोलावताच यायची आणि सगळ्यांच्या आधी पोचायची.

"'पुन्हा भेट'," धाकटी म्हणाली.

आई आणि बाबा एकाच वेळी दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघू लागले.

"छान," थोरला म्हणाला. "अगदी आजचाच मुहूर्त साधून आणलंस."

"छत गळत होतं, भाऊजी."

"आणि ही खुर्ची? रिकामी?"

"उजवीकडे जागा मोकळी राहत होती म्हणून काढली."

"मोकळी का राहत होती? कुणीतरी तिथे असायला हवं होतं म्हणूनच ना?" थोरल्याचे कान लाल झाले. "मी वर्षातून चार वेळा येतो. रजा मिळत नसताना येतो."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. खुर्ची म्हणतेय."

टपालला हसू आलं. ते त्याने खोकल्यात दडवलं. एरवी तो भावाच्या बाजूचा असायचा. निरोप पोचवून पोचवून त्याचाही जीव मेटाकुटीला आला होता, आणि बाबा तिकडे गेले तर आपली सुटका होईल, असा कबुलीजबाब त्याने फोनवर दिला होता. पण बायकोच्या खुर्चीवर असा हल्ला होताना बघून त्याची बाजू डळमळली. "खुर्ची चांगली काढलीय," तो हळूच म्हणाला.

थोरल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ठरलेल्या मतांमधलं एक मत आत्ताच हातातून गेलं. मग त्याने खिशातून फोन काढला. त्याची बायको, थोरली, तिकडे कामावर होती, पण तिला बैठकीत धरायचं ठरलं होतं. त्याने फोन चित्रासमोर धरला.

"काय सुंदर!" फोनमधून थोरलीचा आवाज आला. "निळा कोट काय शोभतोय!"

"जांभळा आहे," धाकटी म्हणाली.

"इथे निळा दिसतोय. निळा म्हणजे शांती. म्हणजे दोघांनी आपापल्या जागी शांत राहावं, असंच ना? मग आमच्याकडे मागच्या खोलीतलं माझं शिवणयंत्र हलवते बाबांसाठी."

"तिला कळलं बघ," थोरला म्हणाला.

"तिला कोट निळा दिसतोय," आत्या म्हणाली. "तिचं काय ऐकतोस? मांजराकडे बघ." चित्र उलगडून सांगायची पाळी कधी येते, याचीच ती मघापासून वाट बघत होती. आधी ती थोरल्याच्या बाजूने बोलायचं ठरवून आली होती. दादाला इथून हलवावं, थोड्या दिवसांनी कंटाळून तो आपल्याकडे राहायला येईल, असा तिचा साधा हिशोब होता. पण ते मांजर तिला बघवेना. "दोघं भेटतायत, आणि हे खुर्चीखाली बसून कान टवकारतंय. सूनबाई, खरं सांग. हे मांजर म्हणजे मी ना?"

"आत्या, ते शाळेतलं मांजर आहे. डब्यातलं खायला येतं."

"म्हणजे मीच."

आईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. ते लपवायला तिने पदर तोंडाला लावला, पण आत्याने पाहिलंच. आत्याला राग यायला हवा होता. पण वहिनीला हसताना बघून तिला वेगळंच काहीतरी झालं, आणि ती उठून वहिनीच्या शेजारी जाऊन बसली. थोरल्याचं दुसरं मत गेलं.

आता राहिले बाबा. बाबा पुढे वाकून चित्र बघत होते. आयुष्यभर रंगात हात बुडवलेला माणूस. त्यांच्या नखांच्या कडा कधीच स्वच्छ होत नसत.

"तुझ्या आईला सांग," ते टपालला म्हणाले, "ही बाई परत आलेली नाही. निघालीय. बॅग तिची आहे. पुरुष बिचारा दिवसभर राबून आलाय, शर्ट बघ, मळून पिवळा पडलाय. आणि ही निघाली."

"आई, बाबा म्हणतात..."

"ह्यांना सांग, शर्ट पांढरा शुभ्र आहे. रंगच चढलेला नाही. असतात असली कापडं. कितीही वेळ पिंपात ठेवा, कोरी ती कोरीच. आणि बॅग त्याची आहे. तोच निघून गेला होता. जिना चढून वर."

आई मागच्या खोलीत झोपायची. बाबांनी वर माळ्यावर गादी नेली होती. टपालने हा निरोप पोचवायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"सांग की," आई म्हणाली.

"त्यांनी ऐकलं, आई."

"तुझं काम तू कर."

"बाबा, आई म्हणते तुम्ही कोरे आहात."

"तुझ्या आईला विचार," बाबांचा आवाज चढला, "नवऱ्याकडे आनंदाने परत येणारी बाई असला कोट घालेल का? सुकलेल्या पानासारखा. चिखलासारखा. हिने काय मन मारून रंगवलाय बघ. सगळ्या चित्रात एकच रंग उदास, आणि तो नेमका बाईच्या अंगावर. मातकट!"

धाकटीने मान खाली घातली. चित्र तिने सासूसासऱ्यांचं काढलंच नव्हतं, खरंतर. ते कुणाचं होतं हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. पण सासऱ्यांनी इतकं खोल काही पाहिलं, की तिला स्वतःचीच शंका यायला लागली. खरंच उदास झालाय का कोट? आपल्या हातून नकळत काही उतरलंय का?

थोरला मान डोलावत होता. "बाबांना कळलं. वियोग. वियोगाचंच चित्र आहे हे."

आईने मात्र वियोग ऐकलाच नाही. तिने एकच शब्द ऐकला होता. मातकट.

पडद्याच्या वेळी हेच म्हणाले होते. हाच शब्द, आणि याच आवाजात. तेव्हा तिला वाटलं होतं, चारचौघांत आपला पाणउतारा करायचा म्हणून म्हणाले. मग एकेक जांभळी वस्तू खराब होऊन यायला लागली, तेव्हा तिला वाटलं, जांभळा आपल्या आवडीचा आहे म्हणून मुद्दाम नासवतायत. माणूस रागात काय काय करतो. तीन वर्षं तिने तो राग रोज नव्याने कालवला होता. पण चित्र तर सुनेने काढलं होतं. त्यावर कशाला राग काढतील? आणि शर्ट पिवळा?

ती उठली, चित्रापाशी गेली आणि बाईच्या कोटापाशी बोट नेलं.

"अहो," ती म्हणाली. "हा कोट तुम्हाला कुठल्या रंगाचा दिसतो?"

"बाबा, आई विचारतेय की हा..." टपाल सवयीने म्हणाला, आणि मधेच थांबला. फोनमधून थोरली म्हणाली, "काय झालं? आवाज गेला का?" थोरल्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

बाबांनी बायकोकडे पाहिलं. मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी मधे पडतंय का म्हणून. कुणीच पडलं नाही.

"तपकिरी," ते म्हणाले.

"आणि ही?" तिने बाजूच्या कपाटातून नमुन्याच्या चिंध्यांचा झुपका ओढून काढला होता. त्यातली निळी चिंधी तिने पुढे धरली.

"राखाडी."

"ही?"

"तीच आहे. आत्ता दाखवलीस ती."

"ही जांभळी आहे."

"तू चिंध्या बदलल्यास," बाबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "बरण्यांवरच्या चिठ्ठ्याही तूच बदलतेस. मला माहीत आहे. वास बघून ओळखायला लागलोय मी बरण्या."

"दादा," आत्या उभी राहिली. अंगातला लोकरी स्वेटर तिने दोन्ही हातांनी पुढे ताणला. "हा कुठला?"

"तपकिरी. मीच रंगवून दिला तुला वाढदिवसाला."

"दादा, हा जांभळा आहे."

"मी तपकिरी रंगवला होता!"

"मी तपकिरीच सांगितला होता. जांभळा आला तेव्हा म्हटलं, भावाने हौसेने केलाय, कशाला बोला. मला जांभळा आवडतही नाही. दोन हिवाळे घालतेय!"

टपाल हसायला लागला, धाकटी हसायला लागली, थोरल्यानेही फोनवर हात दाबून तोंड फिरवलं. बाबा मात्र हसले नाहीत. ते आपल्या हातांकडे बघत होते. हे हात जेवढे ठाऊक होते तेवढं दुसरं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं, आणि आता नखांच्या कडांना कुठला रंग लागलाय हेही खात्रीने सांगता येत नव्हतं.

"म्हणजे तो पडदा," ते म्हणाले.

"जांभळाच होता."

"मग मी त्यात काय ओतलं?"

"होतं नव्हतं ते सगळं."

मग मात्र बांध फुटला. तीन वर्षांचं तुंबलेलं एकदम वाहायला लागलं. डोळे आधी का दाखवले नाहीत, तू आधी का विचारलं नाहीस, मी कसं विचारणार, बोलत कोण नव्हतं, आधी कोण बोलायचं थांबलं, चारचौघांत म्हणालात, मग चारचौघांतच सांगायचंस की अहो तो जांभळा आहे, सांगितलं होतं, ऐकलं नाहीत, मोठ्याने सांगायचंस! दोघांचे आवाज खाली रस्त्यापर्यंत जात होते. समोरच्या घड्याळजीने दुकानातून मान बाहेर काढली.

थोरल्याला वाटलं, हीच वेळ आहे. नुकसानीचं मूळ कारण सापडलं की पुढचं सोपं असतं, हा त्याचा धंद्यातला अनुभव होता. "हे बघा," तो उभा राहून म्हणाला, "हा मोतीबिंदू असणार. आमच्याकडे डोळ्यांचे उत्तम डॉक्टर आहेत. म्हणजे बाबांनी माझ्याकडे येणं आता आणखीच..."

"तू मधे बोलू नकोस!" आई आणि बाबा एकदम म्हणाले.

एकाच सुरात. दोघंही दचकली. थोरला खाली बसला आणि मांडीवरचा फोन सुलटा केला. "काय ठरलं?" फोनने विचारलं. "मागच्या खोलीत तुझं शिवणयंत्र राहू दे," तो म्हणाला. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण आईबाबांना असं कडाकडा भांडताना बघून त्याला आपण लहानपणीच्या घरात आल्यासारखं वाटत होतं, आणि हे आपल्या अंदाजात कुठेच नव्हतं, असं त्याच्या मनात आलं.

टपाल दोघांच्या मधे उभा होता. दोन्ही बाजूंनी वाक्यं त्याच्या डोक्यावरून जात होती आणि एकही त्याच्या हातात पडत नव्हतं. धाकटीने त्याचा दंड धरून त्याला स्वयंपाकघरात नेलं.

"आता मी काय करू?" त्याने विचारलं. खरोखरच विचारलं.

"बस. एक निरोप आहे."

"कुणाला?"

"तुलाच. माझा." तिने चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच बोलत राहिली. "दिवसभर तू ह्यांचं त्यांना आणि त्यांचं ह्यांना सांगत फिरतोस. रात्री माझ्यापाशी आलास की तुझ्यात बोलायचं काही उरलेलंच नसतं. तीन वर्षं. ते चित्र आईंचं नाही, बाबांचंही नाही. ती मी आहे. आणि तो तू आहेस, घरी आलेला."

"आणि बॅग?" टपालने विचारलं.

"पोस्टमनची असते तशी. तुझीच."

"लाल का?"

"तुला लांबूनही दिसावी म्हणून."

तो उठला आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. चहा उतू गेला. दोघांपैकी कुणीही त्याकडे बघितलं नाही. बाहेरून आत्या ओरडली, "चहा उतू जातोय! मांजराला वास आला!"

दुकान बंद झालं नाही. डोळ्यांचा डॉक्टर याच रस्त्यावर, घड्याळजीच्या वरच्या मजल्यावर होता. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू आधी काढू, डाव्याचा महिन्याभराने, असं तो म्हणाला. तोवर पिंपात काय ओतायचं ते आई सांगायची आणि बाबा ओतायचे. भांडणं रोज व्हायची. पण आता ती थेट व्हायची. थोरला मुक्काम दोन दिवसांनी लांबवून गेला. जाताना त्याने चित्रातल्या खुर्चीकडे पाहून मान हलवली. तिच्याबद्दल मात्र तो पुन्हा काही बोलला नाही.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी बाबा दवाखान्यातून आले ते सरळ बैठकीच्या खोलीत. प्रदर्शन होऊन चित्र परत आलं होतं. आईने खिडकीचा पडदा बाजूला सारला.

बाबा चित्रासमोर उभे राहिले. मग त्यांनी नव्या डोळ्यावर हात ठेवला आणि जुन्याने पाहिलं. मग जुन्यावर ठेवला आणि नव्याने पाहिलं. असं बराच वेळ चाललं.

"काय?" आई म्हणाली.

"ह्या डोळ्याने बाई निघालीय," ते म्हणाले. "आणि ह्या डोळ्याने..." त्यांनी हात बदलला. "केवढा जांभळा आहे गं. ही आत्ताच आली. ही कुठे जात नाही."

"मी पहिल्यापासून तेच सांगत होते."

"मान जरा लांब झालीय त्या माणसाची."

"झालीय खरी. मी तिला बोलले नाही."

ते तिच्याकडे वळले. तिच्याकडेही त्यांनी तसंच पाहिलं, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. तिला अवघडल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत कुणी तिला इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

"तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"केव्हाचेच आहेत."

"मला वाटायचं, काहीतरी लावतेस तू त्यांना."

"मग?" तिने विचारलं. "कुठल्या डोळ्याने बरी दिसते मी?"

बाबा विचारात पडले. असल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सवय मोडली होती, आणि निरोप द्यायला आता टपालही नव्हता.

"नव्याने म्हातारी दिसतेस," ते म्हणाले.

"आणि जुन्याने?"

"जुन्याने दिसतच नव्हतीस."

तिने हात पुढे केला, त्यांचा जुना डोळा आपल्या तळव्याने झाकला, आणि तशीच समोर उभी राहिली.